छोटे गट आणि सकारात्मक प्रबलन: वर्गात कोणत्या क्रमाने काय करावे

वर्गातील गटकार्य फसले की दोष बहुधा मुलांच्या वाट्याला येतो, नाहीतर पटसंख्येच्या. बहुतेक वर्गांत चुकलेला असतो तो क्रम. बाक फिरवून चार-चार मुले समोरासमोर बसवली जातात, फळ्यावर गटांची नावे लिहून तारे देण्याची घोषणा होते आणि मग पुस्तकातील स्वाध्याय ‘गटात सोडवा’ असे सांगितले जाते. दहा मिनिटांत प्रत्येक गटातील एक मूल लिहीत असते, दुसरे त्याचे पाहून उतरवत असते आणि उरलेल्या दोघांना करण्यासारखे काहीच नसते. कोणत्या गटांना तारे मिळणार हे दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळ्या वर्गाला कळून चुकते, बाकीचे गट प्रयत्न सोडतात आणि शिक्षक नाइलाजाने पुन्हा रांगांकडे वळतात.

पुढील टप्पे सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील तिसरी ते आठवीच्या वर्गांसाठी, ३५ ते ४५ विद्यार्थ्यांचा पट डोळ्यासमोर ठेवून लिहिले आहेत. आधी निरीक्षण करावे, मग काम तयार करावे, मग गट पाडावेत, मग गटात बसण्या-बोलण्याची रीत शिकवावी आणि त्यानंतर शाबासकीची, म्हणजे सकारात्मक प्रबलनाची, घडी बसवावी. वस्तुरूप बक्षीस सर्वांत शेवटी येते, तेही गरज भासली तरच. एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

टप्पा १: चार दिवस केवळ पाहावे आणि खुणा कराव्यात

जूनच्या मध्यास शाळा सुरू होते तेव्हा हजेरी स्थिर नसते. आषाढी वारीमुळे पंढरपूरच्या वाटेवरील गावांत आणि वारीला जाणाऱ्या घरांत मुलांची उपस्थिती आणखी हलते. म्हणून गटांची घाई न करता वारी सरल्यावर, सलग आठवडाभर हजेरी साधारण सारखी राहिली की सुरुवात करावी. तोपर्यंतचा वेळ निरीक्षणासाठी वापरावा.

वाढवायची आहेत अशी तीनच वर्तने निवडावीत, आणि ती डोळ्यांनी दिसतील, मोजता येतील अशी असावीत. ‘शिस्त’, ‘सहकार्य’, ‘चांगले वागणे’ हे शब्द कागदावर लिहून काही मोजता येत नाही. ‘सूचना दिल्यावर एका मिनिटात काम सुरू करणे’, ‘दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबणे’, ‘अडल्यावर उत्तर न मागता प्रश्न विचारणे’ ही मोजता येणारी वर्तने आहेत. रोज एकाच तासिकेतील वीस मिनिटे ठरवून घ्यावीत, मुलांच्या नावांची यादी हाती धरावी आणि वर्तन दिसले की नावापुढे उभी रेघ ओढावी. चार दिवसांत निम्म्या वर्गापुढे एकही रेघ नसल्याचे दिसले तर त्यात निराश होण्यासारखे काही नाही, कारण सुरुवात कोठून करायची हे त्या कोऱ्या जागाच सांगतात.

याच कागदाच्या मागील बाजूस स्वतःची नोंद ठेवावी. आपण दिवसभरात कोणाचे नाव घेऊन बोलतो आणि ते मूल त्या क्षणी काय करत असते, एवढेच लिहावे. बहुतेक वर्गांत असे आढळते की नाव घेऊन बोलणे जवळजवळ सगळे रागावण्यासाठी होते, आणि ते ठरावीक सहा-सात मुलांच्याच वाट्याला येते. प्रबलनाचा मूळ नियम येथे ध्यानात घ्यावा लागतो. एखाद्या वर्तनानंतर जे मिळाले त्यामुळे ते वर्तन पुढे वाढले, तरच त्या मिळालेल्या गोष्टीला प्रबलन म्हणता येते, आणि देणाऱ्याचा हेतू काय होता याला त्यात महत्त्व नसते. ओरडणाऱ्या मुलासाठी शिक्षक शिकवणे थांबवतात, चाळीस डोकी त्याच्याकडे वळतात आणि ओरडणे दुसऱ्या दिवशी वाढते. तेथे रागावणे हेच प्रबलन झालेले असते.

तपासा: तीन वर्तने लिहिलेला कागद सहकारी शिक्षकाला द्या आणि पाच मिनिटे आपल्या वर्गात बसून रेघा ओढायला सांगा. त्यांच्या आणि तुमच्या रेघांत मोठी तफावत असेल तर वर्तनाचे वर्णन अजून मोघम आहे.

टप्पा २: गटाचे काम आधी तयार करावे

हा टप्पा सर्वाधिक वेळा गाळला जातो आणि पुढचे बहुतेक बिघाड येथूनच सुरू होतात. कामाची कसोटी सोपी आहे. वर्गातील एक हुशार मूल ते काम एकट्याने लवकर उरकू शकत असेल, तर ते गटाचे काम नव्हे. पुस्तकातील स्वाध्याय जसाच्या तसा गटाला दिला की नेमके हेच घडते.

सहावीच्या गणितातील एक काम नमुन्यादाखल घेऊ. विषय सहलीच्या खर्चाचा आहे. गटातील चौघांना चार चिठ्ठ्या द्याव्यात. पहिल्या चिठ्ठीवर ‘सोलापूर ते अक्कलकोट हे अंतर ४० किलोमीटर धरा, जाऊन परत यायचे आहे’ असे लिहावे. दुसरीवर ‘बसचे भाडे प्रत्येक किलोमीटरला ५० रुपये आहे’, तिसरीवर ‘सहलीला ४० विद्यार्थी येणार आहेत’ आणि चौथीवर ‘शाळा ८०० रुपये देणार आहे, उरलेली रक्कम विद्यार्थ्यांनी समान वाटून घ्यायची आहे’ असे असावे. आपली चिठ्ठी कोणाच्या हाती द्यायची नाही, ती वाचून सांगायची, हा एकच नियम. चौघे बोलल्याशिवाय प्रत्येकी ८० रुपये हे उत्तर निघूच शकत नाही.

या कामातील आकडे मुद्दाम निवडलेले आहेत. गटाचे उत्तर ३० रुपये आले तर परतीचा प्रवास विसरला गेला आहे, आणि १०० रुपये आले तर शाळेची रक्कम वजा व्हायची राहिली आहे. दहा गटांमधून फिरताना शिक्षकाला प्रत्येक वहीतील पायऱ्या वाचायला वेळ नसतो. उत्तर पाहताच चूक कोठे आहे हे कळेल असे आकडे घरीच ठरवून आणले की वर्गातील निम्मे श्रम वाचतात.

मराठीसाठी एका उताऱ्याची वाक्ये कापून प्रत्येकाकडे दोन-दोन पट्ट्या द्याव्यात आणि क्रम लावताना ‘हे वाक्य त्याच्या नंतरच का येते’ याचे कारण पट्टी ज्याच्या हाती असेल त्यानेच सांगावे. परिसर अभ्यासात किंवा भूगोलात जिल्ह्याच्या कोऱ्या नकाशावर भीमा, सीना, माण या नद्या आणि उजनी धरण दाखवण्याचे काम असेच चार चिठ्ठ्यांत विभागता येते. विषय कोणताही असला तरी प्रत्येकाच्या हाती काहीतरी असे असावे की त्याच्यावाचून बाकीच्यांचे अडेल.

कामाला बारा ते पंधरा मिनिटे पुरावीत आणि गटागणिक उत्तराचा कागद एकच असावा. लवकर उरकणाऱ्या गटासाठी एक जादा प्रश्न तयार ठेवावा, उदाहरणार्थ ‘ऐनवेळी ८ विद्यार्थी आले नाहीत तर प्रत्येकाचा खर्च किती होईल?’ गटकार्यातील गोंगाट बहुतांशी काम संपवून मोकळ्या बसलेल्या गटांपासून सुरू होतो.

सावधान: पूर्णपणे नवी संकल्पना गटाकडे सोपवू नये. ती आधी संपूर्ण वर्गाला शिकवावी, दोन उदाहरणे फळ्यावर सोडवावीत आणि सरावासाठी, वापरासाठी किंवा चुका शोधण्यासाठी गट वापरावेत. चुकीची समजूत चौघांत पसरली की ती काढायला चौपट वेळ लागतो.

टप्पा ३: गट पाडावेत

चार ही संख्या सोयीची आहे. सहाच्या गटात दोन मुले हमखास प्रेक्षक होतात, आणि पाचाच्या गटात जोड्या पाडल्या की एक मूल बाहेर राहते. एखादे मूल गैरहजर असेल तर तिघांचा गट चालवावा, पाचांचा करू नये. तिसरी-चौथीत पहिले दोन आठवडे केवळ जोड्यांवर थांबावे.

गटात कोण असावे, हे ठरवण्यासाठी मागील चाचणीनुसार यादी उतरत्या क्रमाने मांडावी. पट ४० असेल तर पहिल्या गटात १, ११, २१ आणि ३१ वा विद्यार्थी घ्यावा, दुसऱ्यात २, १२, २२ आणि ३२ वा, आणि असेच दहाव्या गटापर्यंत जावे. यामुळे वर्गातील पहिला आणि शेवटचा एकाच गटात येत नाहीत. ‘हुशार मूल कच्च्या मुलाला शिकवेल’ या आशेने त्या दोघांना जोडले जाते, आणि प्रत्यक्षात एक सांगतो व दुसरा उतरवतो. अंतर मध्यम असले की समजावणे शक्य होते.

ही यादी कच्ची समजावी आणि आपल्या वर्गाप्रमाणे तीत बदल करावेत. सोलापूरच्या वर्गांत पहिला बदल भाषेसाठी करावा लागतो. शहराच्या पूर्व भागातील अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, आणि उर्दू किंवा हिंदी बोलणारी घरे तर सर्वत्र आहेत. घरची भाषा बोलणारे एकटेच मूल गटात असेल तर ते बराच काळ गप्प बसते. चौघेही त्याच भाषेचे असतील तर मराठीत मांडण्याचा सराव राहून जातो. म्हणून शक्य तेथे दोन आणि दोन अशी रचना करावी. विचार घरच्या भाषेत करण्यास मोकळीक द्यावी आणि उत्तराचा कागद मराठीत लिहून घ्यावा. ‘गटात मराठीतच बोला’ हा नियम मुलांची तोंडे बंद करतो आणि गटाचा हेतूच त्यात हरवतो, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा बदल हजेरीसाठी असतो. यंत्रमागावर किंवा विड्या वळण्याच्या कामावर जाणाऱ्या आईवडिलांच्या घरी लहान भावंडांना सांभाळायला मोठ्या मुलीला थांबवले जाते, आणि ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की काही मुले गावच सोडून जातात. अनियमित हजेरीची दोन मुले एका गटात ठेवू नयेत. असे मूल परत येईल तेव्हा ते आपल्या मूळ गटातच बसेल, हे वर्गाला आधी सांगून ठेवावे. आपली जागा राखलेली आहे हे कळणे त्या मुलासाठी फार मोलाचे असते.

बसण्याची व्यवस्था अशी करावी की एकमेकांचे शब्द कुजबुजीतही ऐकू येतील आणि मधला कागद चौघांच्या हाताला लागेल. लांब बाक हलत नसतील तर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या रांगेतील मुलांनी मागे वळून बसावे आणि मागच्या बाकावरील दोघांशी गट करावा. चटईपट्ट्यांवर बसणाऱ्या वर्गात जमिनीवर खडूने चौकोन आखून द्यावेत आणि चौघांनी चार कडांना बसावे. एका ओळीत बसलेली चार मुले हा गट होत नाही, कारण टोकाच्या दोघांचा एकमेकांशी संबंधच येत नाही.

वाचक, लेखनिक, विचारणारा आणि तपासनीस ही चार कामे आठवड्याने बदलत द्यावीत. गटप्रमुख हे पद पहिल्या महिन्यात नसलेलेच बरे.

तपासा: गटांची यादी पूर्ण झाल्यावर प्रत्येक गटासाठी एकच प्रश्न विचारा. या चौघांपैकी सर्वांत कमी बोलणारे मूल अडले तर ते कोणाला विचारेल? उत्तर सुचत नसेल तर त्या गटात एक अदलाबदल करा. त्यानंतर गट पाच ते सहा आठवडे बदलू नका.

टप्पा ४: रीत शिकवावी, तीही सोप्या विषयावर

गटात जाणे, हळू बोलणे आणि खूण मिळताच थांबणे या तीन गोष्टी मुलांना येतात असे गृहीत धरले जाते. त्या वेगळ्या शिकवाव्या लागतात. पाच दिवस रोज दहा मिनिटे द्यावीत आणि विषय अगदी सोपा घ्यावा, जसे ‘गड्डा यात्रेत पाहिलेल्या पाच गोष्टी लिहा’ किंवा ‘घरापासून शाळेपर्यंत दिसणाऱ्या पाच पाट्या सांगा’. अवघड गणित आणि नवी बसण्याची रीत एकाच दिवशी आली की दोन्हीचा बोजवारा उडतो.

खूण म्हणून हात वर करणे पुरेसे आहे. शिक्षकाने हात वर केला की पाहणाऱ्याने हात वर करायचा, शेजाऱ्याला स्पर्शाने सांगायचे आणि बोलणे थांबवायचे. शिक्षकाने मात्र आवाज चढवून ‘गप्प बसा’ म्हणू नये, कारण मग खरी खूण ओरडणे हीच ठरते आणि वर केलेल्या हाताला अर्थ उरत नाही. आवाजाची मर्यादा ‘शेजारच्या गटाला आपले शब्द कळू नयेत’ अशी सांगावी. पंखे चालू असतात तेव्हा आवाज आपोआप चढतो, त्यामुळे सराव पंखे चालू ठेवूनच घ्यावा.

शेजारच्या वर्गातील शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना या आठवड्याची कल्पना आधीच द्यावी. भिंतीपलीकडून ‘हा कसला गोंधळ’ अशी विचारणा आली की नवखा शिक्षक तिसऱ्या दिवशीच प्रयोग गुंडाळतो.

तपासा: सूचना दिल्यापासून साठ सेकंदांत सर्व गट बसलेले आणि खुणेनंतर दहा सेकंदांत शांतता, असे सलग तीन दिवस झाले की पुढे जा. तोपर्यंत याच टप्प्यावर थांबा.

टप्पा ५: शाबासकी नेमकी, लगेच आणि वर्तनाला द्यावी

‘शाब्बास’, ‘व्हेरी गुड’, ‘टाळ्या वाजवा’ यांतून मुलाला कौतुक झाले हे कळते. कशाबद्दल झाले हे कळत नाही. प्रबलन कामी येण्यासाठी तीन अटी पाळाव्या लागतात.

पहिली अट वेळेची आहे. वर्तन घडल्यावर काही सेकंदांतच शब्द पोहोचावेत. तास संपताना ‘आज तिसऱ्या गटाने छान काम केले’ असे म्हटले तर त्या गटाला बरे वाटते, परंतु वीस मिनिटांपूर्वी कोणत्या कृतीमुळे ते छान झाले याचा धागा तुटलेला असतो.

दुसरी अट नेमकेपणाची आहे. कृतीचे नाव घ्यावे आणि तिचा परिणाम सांगावा. ‘अफरीन, सिद्धूचे बोलणे संपेपर्यंत तू थांबलीस, त्यामुळे परतीच्या प्रवासाचा मुद्दा गटाच्या लक्षात आला.’ ‘उत्तर जुळेना तेव्हा तुम्ही खोडून टाकण्याआधी चारही चिठ्ठ्या पुन्हा वाचल्यात.’ अशी वाक्ये पहिल्या आठवड्यात जड वाटतात. टप्पा १ मधील प्रत्येक वर्तनासाठी दोन वाक्ये लिहून हजेरीपटात ठेवली तर आठ-दहा दिवसांत ती तोंडी बसतात.

तिसरी अट अशी की शाबासकी प्रयत्नाला आणि पद्धतीला द्यावी, बुद्धीला देऊ नये. मानसशास्त्रज्ञ म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत पाचवीच्या मुलांपैकी काहींचे हुशारीबद्दल आणि काहींचे मेहनतीबद्दल कौतुक केले गेले. पुढे अवघड प्रश्नांत अपयश आल्यावर हुशारीबद्दल कौतुक झालेल्या मुलांची चिकाटी आणि कामगिरी दोन्ही घटली. ‘तू हुशारच आहेस’ हे वाक्य म्हणून जपून वापरावे, कारण पुढचे गणित चुकले की ते मूल आपली हुशारी गेली असे समजते आणि अवघड काम टाळू लागते.

सुरुवातीला हवे ते वर्तन दिसेल तितक्या वेळा सांगावे. ते रुळले की दर वेळी न सांगता अधूनमधून सांगावे. अधूनमधून मिळणाऱ्या प्रबलनावर टिकलेले वर्तन पुढे सहज मोडत नाही. दुरुस्ती करावी लागणारच. एका दुरुस्तीमागे तीन-चार नेमक्या शाबासक्या, हे प्रमाण पहिल्या महिन्यासाठी धरून चालावे आणि टप्पा १ मधील कागदाच्या मागील बाजूवर ते आठवड्यातून एकदा मोजून पाहावे.

जे मूल मुळीच ठरलेले वर्तन करत नाही, त्याच्या बाबतीत पूर्ण वर्तनाची वाट पाहू नये. शंकर कधीच गटात बोलत नसेल तर तो कागदाकडे वाकला, हीही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. दोन दिवसांनी त्याने बोट दाखवले तर त्याला, आणि पुढे एक शब्द उच्चारला तर त्याला शाबासकी द्यावी. पायऱ्या लहान ठेवल्या की गप्प मुले पुढे येतात. एकदम ‘उभा राहून सांग’ म्हटले तर ती आणखी मागे सरकतात.

लक्ष वेधण्यासाठी ओरडणाऱ्या मुलाचे काय करावे, हा प्रश्न येथे हमखास येतो. धोका नसेल तर ओरडण्याकडे लक्ष देऊ नये आणि ते मूल शांतपणे हात वर करील त्या क्षणी त्याच्याकडे जावे. पहिले काही दिवस ओरडणे वाढेल. नेहमीचा उपाय चालेना म्हणून मूल तोच उपाय अधिक जोराने करून पाहते, आणि नेमक्या याच दिवसांत शिक्षक कंटाळून रागावतात. तसे झाले तर ‘जोरात ओरडले की लक्ष मिळते’ एवढाच धडा त्याच्या पदरी पडतो. म्हणून हा उपाय सुरू करायचा तर वाढीचे दिवस धरून सुरू करावा, नाहीतर सुरूच करू नये. मारामारी, चिडवणे किंवा दुखापत होईल अशी कृती मात्र तत्काळ थांबवावी; त्याकडे दुर्लक्ष करणे हा या पद्धतीचा भाग नाही.

सावधान: सातवी-आठवीतील अनेक मुलामुलींना सर्वांसमोर झालेले कौतुक नकोसे वाटते आणि मित्रांच्या चेष्टेमुळे त्याचा उलटा परिणाम होतो. तेथे गटाजवळून जाताना हळू आवाजात एक वाक्य बोलावे किंवा वहीत एक ओळ लिहावी. तसेच ‘बघा, तो गट किती चांगला, नाहीतर तुम्ही’ असे बोलू नये. त्यात शाबासकी एका गटाला आणि अपमान नऊ गटांना मिळतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केलेली आहे, हे गटांची जाहीर क्रमवारी लावताना विसरू नये.

टप्पा ६: तारे आणि बक्षिसे, गरज असेल तरच

शब्दांनी काम भागत असेल तर हा टप्पा ओलांडून पुढे जावे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवर्गातील चित्र काढायला आवडणाऱ्या मुलांना बक्षिसाचे आश्वासन देऊन चित्रे काढायला लावली, तेव्हा पुढे मोकळ्या वेळेत त्या मुलांचा चित्रे काढण्याचा वेळ घटला. अचानक बक्षीस मिळालेल्या किंवा काहीच न मिळालेल्या मुलांत तशी घट दिसली नाही. मुलांना जे काम आवडते त्यावर तारे लावू नयेत, हा त्यातून निघणारा व्यवहारी नियम आहे. जेथे काम कंटाळवाणे आहे किंवा सवय मुळीच लागत नाही, तेथेच तारे वापरावेत.

वापरायचेच असतील तर गटांची आपसांत स्पर्धा लावू नये. प्रत्येक गटाने ठरलेली पातळी गाठली की त्याला तारा मिळावा. दहाही गटांना तारा मिळू शकला पाहिजे. एकदा मिळालेला तारा काढून घेऊ नये. बक्षीस वस्तूऐवजी संधीचे असावे, जसे परिपाठात कोडे घालण्याचा मान, मैदानावरचा खेळ निवडण्याचा हक्क किंवा वाचनपेटीतून पहिल्यांदा पुस्तक घेणे. चॉकलेटे आणि पेन वाटल्याने शिक्षकाच्या खिशाला खार लागतो आणि वाटप थांबले की कामही थांबते.

तारे सुरू करतानाच बंद करण्याची तारीख ठरवावी. दोन आठवडे रोज, पुढचे दोन आठवडे अधूनमधून, आणि नंतर केवळ शब्द, ही उतरण पुरेशी असते. प्रत्येक ताऱ्यासोबत टप्पा ५ मधील नेमके वाक्य बोलले गेले असेल, तरच ती पेलते.

टप्पा ७: चाळीस मिनिटांची तासिका

पहिली आठ मिनिटे संपूर्ण वर्गासाठी असावीत. त्यांत कालच्या भागाची उजळणी आणि एक सोडवलेले उदाहरण एवढेच घ्यावे. त्यानंतर सूचना फळ्यावर तीन ओळींत लिहाव्यात, एका मुलाकडून त्या स्वतःच्या शब्दांत वदवून घ्याव्यात आणि मगच गटात जाण्याची खूण करावी. मुले हलू लागल्यावर दिलेली सूचना कोणाच्याही कानी पडत नाही.

गटाचे काम पंधरा मिनिटे चालते. पहिली दोन मिनिटे शिक्षकाने एका जागी उभे राहून सर्व गट सुरू झाले का एवढेच पाहावे, आणि मग फिरावे. एका गटाजवळ मिनिटभरापेक्षा अधिक थांबू नये, पाठ बाकीच्या गटांकडे करू नये. एखाद्या गटाने ‘सर, बरोबर आहे का?’ असे विचारले तर उत्तर न देता गटातील दुसऱ्या मुलाला ‘तिने हे कसे काढले ते तू सांग’ असे म्हणावे आणि थांबावे. विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांच्या निरीक्षणांनुसार शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि ही वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली तर मुलांची उत्तरे अधिक लांब आणि विचारपूर्वक येतात. मनात तीन अंक मोजण्याची सवय लावून घ्यावी.

मार्चपासून दुपारच्या तासिकांत उष्म्याने मुले लवकर थकतात, त्यामुळे उन्हाळ्यात गटकार्य पहिल्या दोन तासिकांतच ठेवावे.

टप्पा ८: प्रत्येकाची वेगळी तपासणी आणि नोंद

गटाच्या कागदावरील बरोबर उत्तर चौघांना समजल्याचा पुरावा नव्हे. म्हणून आठ मिनिटांचे एकट्याचे काम प्रत्येक गटकार्यानंतर हवेच. सहलीच्या उदाहरणात ‘भाडे, अंतर आणि शाळेची रक्कम तीच, विद्यार्थी मात्र ३२ आले’ असा प्रश्न वहीत सोडवायला द्यावा. उत्तर १०० रुपये येते. जादा प्रश्न म्हणून हाच दिला गेला असेल तर संख्या बदलावी. २० विद्यार्थी धरले तर प्रत्येकी १६० रुपये. उरलेल्या वेळात दोन गटांतून चिठ्ठीने एकेक नाव काढावे आणि निघालेल्या मुलाने आपल्या गटाची रीत सांगावी. नाव कोणाचेही निघू शकते हे कळले की गट एकमेकांना समजावू लागतो. सांगणारे मूल अडले तर त्याच्या गटाला अर्धा मिनिट मदत करू द्यावी आणि पुन्हा त्याच मुलाला संधी द्यावी.

गुण मात्र गटाला सामायिक देऊ नयेत. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात गटकार्याची नोंद करायची झाल्यास वैयक्तिक वहीवरून आणि टप्पा १ मधील रेघांवरून करावी. ‘गटात सहभाग घेतो’ या छापील वाक्यापेक्षा ‘अडल्यावर शेजाऱ्याला कारण विचारतो, स्वतःहून बोलणे अजून कमी’ अशी वर्णनात्मक नोंद पालकांच्याही उपयोगी पडते.

तपासा: दर दोन आठवड्यांनी टप्पा १ चा कागद पुन्हा भरा. वैयक्तिक उत्तरांत ज्या गटातील तिघे बरोबर आणि तेच एक मूल सतत चूक असेल, तेथे कामाची वाटणी बिघडलेली आहे. ज्या गटात चौघेही चूक असतील, तेथे धडा पुन्हा शिकवण्याची गरज आहे. रेघा वाढलेल्या नसतील तर शाबासकीची वाक्ये बदला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर गट नव्याने पाडण्यास योग्य वेळ असते, कारण ऊसतोडीमुळे पट बदललेला असतो आणि पहिल्या सत्राचे निकालही हाती असतात. त्या वेळी टप्पा ४ चा दोन दिवसांचा सराव पुन्हा घ्यावा. जानेवारीत संक्रांत आणि सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात हजेरी विरळ होते, तेव्हा चौघांचे गट बाजूला ठेवून जोड्यांवर काम चालवावे आणि यात्रेनंतर हजेरी पूर्ववत झाली की त्याच गटांकडे परतावे.